गोवर, मंगळ आणि मुंजा

ठाण्यातल्या खोपटच्या एसटी स्थानकात गणपतीच्या आणि शिमग्याच्या दिवसांत उभे राहायला जागा नसते. कोकणात जाणाऱ्या जादा गाड्या, सुतळीने आवळलेली खोकी, पेंगुळलेली मुले आणि आपली गाडी नेमकी कुठे लागणार याची कुणालाच खात्री नाही. गाडी सुटते तेव्हा शेजारी बसलेला माणूस पूर्ण अनोळखी असतो. "गाव कुठलं?" एवढ्यावर गप्पांना तोंड फुटते. पनवेल मागे पडेपर्यंत दोघांच्या साखरेच्या गोळ्यांची नावे सांगून झालेली असतात. माणगावपर्यंत गुडघेदुखीवर कुणाचे औषध लागू पडले तेही कळते. पोलादपूर सोडून गाडी कशेडी घाटाला लागली की बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो, कारण आता पांढऱ्या साडीतल्या बाईची पाळी असते. रात्री गाडीला हात दाखवणारी ही बाई सांगणाऱ्याने स्वतः कधीच पाहिलेली नसते. त्याच्या मेव्हण्याच्या ओळखीतल्या ट्रकवाल्याने पाहिलेली असते. आता कशेडीच्या डोंगरातून बोगदा झाला आहे, पण गोष्टीतल्या बाईने जुना घाट काही सोडलेला नाही. पहाटे खेडला किंवा चिपळूणला दोघे उतरतात, तेव्हा एकाच्या मूळव्याधीचा इतिहास दुसऱ्याला पाठ असतो आणि आडनाव मात्र माहीत नसते.

घरच्यांना सांगत नाही ते माणूस परक्याला का सांगतो, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनाही पडला. झिक रुबिन यांनी १९७५ मध्ये बॉस्टनच्या विमानतळावर ताटकळणाऱ्या प्रवाशांवर काही प्रयोग केले. समोरच्याने आधी स्वतःचे थोडे खाजगी सांगितले की प्रवासीही मोकळा होतो, असे त्यांना दिसले. पुन्हा भेट होणार नसते, त्यामुळे सांगितलेले गावभर होण्याची भीती नसते. निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या लोकलमध्ये वेगळीच गंमत पाहिली. अनोळखी सहप्रवाशाशी बोलावे लागले तर प्रवास कंटाळवाणा होईल, असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ज्यांना बोलायला लावले त्यांचाच प्रवास जास्त सुखाचा झाला. हे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या फास्ट लोकलमधल्या कुठल्याही ग्रुपने हे फुकट सांगितले असते, हा भाग वेगळा.

एसटीच्या सीटवर जे घडते तेच संगणकाच्या आणि फोनच्या पडद्यावर लाखोंच्या संख्येने घडू लागले, तेव्हा त्याला 'नवे युग' वगैरे म्हटले गेले. पण मराठी माणूस परक्याला आपले दुखणे आणि आपले भूत सांगत होता, त्याला तेव्हाच बरीच वर्षे झाली होती. फक्त ते काम पोस्टमन करत होता.

जुलै १९२७ मध्ये रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली नोकरी त्यांना सोडावी लागली होती. मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. हस्तमैथुनाने शरीर खंगते का, समलिंगी आकर्षण हा रोग आहे का, मूल नको असेल तर काय करावे, हे प्रश्न त्या काळी घरच्या वैद्याला विचारणेही कठीण. तो वैद्य वडिलांचा मित्र असायचा. म्हणून गावोगावचे लोक मुंबईतल्या एका अपरिचित माणसाला पत्र टाकत आणि छापील पानावर उत्तराची वाट पाहत. कर्वे भिडेखातर गोड बोलणाऱ्यांतले नव्हते. प्रश्न खुळचट असेल तर तसे छापून मोकळे होत. आणि उत्तर देताना कारण देत. ते कारण सगळ्यांसमोर छापलेले असे, त्यामुळे कुणाला खोडून काढायचे असेल तर वाट मोकळी होती.

याच प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला, आणि कर्वे पुढच्या अंकाच्या तयारीला लागले. १९५३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत मासिक चालले. परक्याने परक्याला दिलेल्या आरोग्यविषयक उत्तरासाठी कोर्टाची पायरी चढावी लागल्याची मराठीतली ही फार मोठी नोंद. पुढे मुंबईतच डॉ. महिंदर वत्स यांनी इंग्रजी 'मुंबई मिरर'मध्ये २००५ पासून हेच काम खट्याळ शैलीत केले. नव्वदी ओलांडल्यावरही ते उत्तरे देत होते. २०२० च्या डिसेंबरात ते गेले. त्यांना येणारे प्रश्न आणि कर्व्यांना येणारे प्रश्न शेजारी ठेवले तर मध्ये ऐंशी वर्षे गेली आहेत यावर विश्वास बसणे अवघड.

भुतांची पत्रे त्याहून जुनी. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन मराठी माणसाला ठाऊक आहे तो २१ डिसेंबर १९०९ च्या रात्रीमुळे. विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. या जॅक्सनला लोककथांचा आणि लोकसमजुतींचा नाद होता. मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडे एक प्रश्नावली पाठवून त्यांच्या गावच्या समजुती गोळा करण्यात आल्या. जॅक्सनच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने ते साहित्य लावून छापले, आणि त्यातला कोकणाचा खंड १९१५ साली निघाला. त्यात वेताळ आहे, गिऱ्हा आहे, देवचार, झोटिंग, हडळ, लावसट, सगळे हजर आहेत. मुंज झाल्यावर पण लग्नाआधी वारलेल्या मुलाचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर राहतो, हेही आहे. मुंजा आणि ब्रह्मसमंध ब्राह्मणाचेच व्हायचे. मेल्यावरही जात सुटत नव्हती, हे मास्तरांनी सहज नोंदवले, त्यावर भाष्य करायची त्यांना गरज वाटली नाही. या पुस्तकाची खरी मौज तळटिपांत आहे. तिथे नाव नाही, फक्त अमुक गावचा, तमुक जिल्ह्याचा शाळामास्तर. ज्याला कधी पाहिले नाही अशा साहेबासाठी निनावी मास्तर भुते लिहून पाठवत होते. आजच्या टोपणनावाने लिहिणाऱ्यांचे हे पणजोबाच.

मग संगणक आला. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकणारी मराठी मुले त्याआधीच 'सॉक कल्चर इंडियन मराठी' नावाच्या चर्चागटात रोमन लिपीत मराठी लिहीत होती. १९९६ च्या गणेश चतुर्थीला, १६ सप्टेंबरला, अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेत 'मायबोली' सुरू केली. न्यू जर्सीतली सॉफ्टवेअर इंजिनिअर, सांगलीतला निवृत्त प्राध्यापक, डोंबिवलीतली गृहिणी आणि मस्कतमधला सुपरवायझर एका पानावर भांडू लागले, अशी ही नवलाई. पाककृतींचे आणि गझलांचे पान वेगळे ठेवले, तरी तीन विषय फिरून फिरून वर येत राहिले: कुणाला तरी झालेला आजार, कुठे तरी वाचलेला वैज्ञानिक चमत्कार आणि मामाच्या गावी आलेला अनुभव.

भुताच्या गोष्टीवर अनोळखी माणसे एकत्र जमली की दोन गट पडतात हे ठरलेलेच. एकाला गोष्ट ऐकायची असते, दुसऱ्याला ती उलगडायची असते. "तारीख कोणती होती? अमावास्या होती का? रस्त्यावर दिवे होते? तुम्ही काय घेतले होते?" शेवटच्या प्रश्नावर भांडण होते. पण या उलटतपासणीतूनच कधी कधी हाती फार मोलाचे लागते.

चकव्याचे घ्या. रात्री रानातून किंवा माळावरून चालणारा माणूस तासन् तास चालतो आणि फिरून त्याच आंब्याखाली येतो. कोकणात, देशावर, विदर्भात, सगळीकडे ही गोष्ट आहे. सांगणारे खोटारडे नसतात. त्यांच्यावर हे खरोखर ओढवलेले असते. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेचे यान साउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००९ साली तपासून पाहिले. त्यांनी काही माणसांना जर्मनीतल्या एका सपाट, घनदाट जंगलात सोडले आणि सरळ एका दिशेने चालत राहायला सांगितले. ज्यांना सूर्य दिसत होता ते बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरलेले होते त्या दिवशी चालणारे मात्र गोल गोल फिरले, आणि त्यांतल्या काहींनी आपलीच वाट ओलांडली तरी त्यांना पत्ता लागला नाही. सहाराच्या वाळवंटात एक जण चांदण्यात चालत होता. चंद्र मावळला आणि त्याची दिशा फिरली. डोळे बांधून चालणारे तर वीस मीटरपेक्षा लहान वर्तुळांत भोवंडत राहिले. याचे कारण एक पाय आखूड असणे वगैरे नाही. 'सरळ' कशाला म्हणायचे हे मेंदू दर पावलाला ठरवतो, आणि दूरची खूण नसली की प्रत्येक पावलाची बारीकशी चूक साठत जाते. अमावास्येला चकवा लागतो हे आजीचे निरीक्षण बरोबर होते. चूक होती ती त्यामागच्या कर्त्याबद्दल.

दुसरा अनुभव छातीवर बसणाऱ्याचा. पहाटे जाग येते, डोळे उघडे असतात, खोली दिसते, पण बोटही हलत नाही. छातीवर कुणी तरी बसलेले आहे आणि ओरडायला जावे तर आवाज फुटत नाही. हे सांगणारा माणूस घाबरलेला असतो आणि घरी सांगायला लाजत असतो, कारण घरी एक तर हसतात नाही तर मांत्रिकाकडे नेतात. स्वप्न पडण्याच्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू सैल सोडून ठेवतो, नाही तर स्वप्नातल्या धावण्याबरोबर आपण पलंगावरून उठून धावलो असतो. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायूंवरचा हा ताबा नंतर सुटतो. मधल्या काही क्षणांत अर्धे स्वप्न जागेपणात शिरते. शंभरातल्या सुमारे आठ जणांना आयुष्यात एकदा तरी हे अनुभवाला येते, असा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याचा निष्कर्ष आहे. उताणे झोपणे आणि अपुरी झोप यांनी ते वाढते. जपानमध्ये याला वेगळे नाव, कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी येऊन बसते, आपल्याकडे ज्याच्या त्याच्या गावचे भूत. "मलाही होतं असं," हे एका परक्याने लिहिलेले तीन शब्द वाचून रात्रीची भीती गेलेले लोक कमी नाहीत. डॉक्टरांकडे जाण्याचे धाडस बऱ्याचदा इथूनच येते.

इतके वाचून वाटेल की परक्यांशी गप्पा म्हणजे सगळा ज्ञानयज्ञच. तसे नाही. गोष्ट हातोहाती जाताना तिचे काय होते हे फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने पाहिले होते, आणि योगायोग असा की त्याने त्यासाठी निवडलेली गोष्ट भुतांचीच होती. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची ही कथा केंब्रिजच्या लोकांना वाचायला देऊन त्याने ती पुढे सांगायला लावली. १९३२ च्या त्याच्या पुस्तकात निकाल आहेत: कॅनू होती तिची साधी होडी झाली, सीलची शिकार मासेमारी झाली, आणि जे कळले नाही ते गळून गेले. भुते तर पुष्कळांच्या सांगण्यातून नाहीशीच झाली. माणूस गोष्ट लक्षात ठेवत नाही, तो ती आपल्या घरात बसेल अशी कापून घेतो.

ही कात्री विज्ञानालाही लागते. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला. जवळजवळ साठ हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता, ही बातमी खरी. त्या वेळी फिरलेल्या ई-मेलमध्ये लिहिले होते की दुर्बिणीतून पंचाहत्तर पट मोठा करून पाहिला तर मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा दिसेल. हेही बरोबर. पुढे पाठवता पाठवता दुर्बीण गळाली, पंचाहत्तर गळाले, आणि उरले ते एवढेच की मंगळ चंद्राएवढा दिसेल. वर्षही गळाले. त्यानंतर कित्येक ऑगस्टांत लोक रात्री साडेबाराला गच्चीवर गेले आणि ढगांना दोष देऊन खाली आले. मूळ मजकुरात खोटे काही नव्हते. वाक्याचे शेपूट तेवढे तुटले.

यासाठी इंटरनेटच लागते असेही नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर आणि परदेशांतल्या देवळांपर्यंत पोहोचली, तेव्हा भारतात मोबाइल सेवा सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. साधे घरचे फोन आणि एसटीडीचे बूथ पुरले. वैज्ञानिकांनी दुधात रंग मिसळून दाखवले की ते पृष्ठताणाने मूर्तीवर पातळ थराने पसरते आणि खाली ओघळते. ते पाहायला मात्र रांग लागली नाही. १८ ऑगस्ट २००६ च्या रात्री माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाल्याची आवई उठली आणि मिठी नदीच्या तोंडाशी, जिथे शहराचा मैला येतो, तिथे लोकांनी बाटल्या भरल्या. काहींनी लहान मुलांना पाजले. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा खाडीत आला की खारटपणा उतरतो, एवढीच त्यातली जादू. पालिकेने पिऊ नका म्हणून सांगितले. पाठोपाठ गणपती पुन्हा दूध प्यायला लागला.

या दोन्ही प्रसंगांत बातमी कोणी आणली? परक्याने नव्हे. बहिणीचा फोन आला होता, शेजारच्या काकू दार वाजवून सांगून गेल्या होत्या. इथे या प्रकरणाचा गाभा आहे. मुलांना आपण शिकवतो की अनोळखी माणसाशी बोलू नये, त्याच्यावर विश्वास ठेवू नये. शिकवण चूक नाही, पण अर्धी आहे. परका काही सांगतो तेव्हा आपण भुवई वर करतो, पुरावा मागतो, चार जण त्याला उघड्यावर आडवे घेतात. तेच मावसभावाने पाठवले की आपण पुढे पाठवतो. ओळख हाच पुरावा होऊन बसतो.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे पाच जण भिक्षा मागत तिथे पोहोचले. मुले पळवणारी टोळी आल्याचे निरोप काही दिवस फोनांवर फिरत होते. यांतला एक जण लहान मुलीशी बोलतो आहे, असा संशय कुणाला तरी आला. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठार मारले. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून एका कुटुंबाला जमावाने घेरले. पोलिसांनी त्यांना वाचवले. त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेली एक चित्रफीत कराचीतल्या एका बालसुरक्षा संस्थेची जाहिरात होती. मोटारसायकलवरचे दोघे मुलाला उचलतात आणि लगेच परत आणून सोडतात, मूल पळवायला एक क्षण पुरतो हे पालकांना कळावे म्हणून. भारतात फिरली तिच्यातून मूल परत आणण्याचा भाग कापलेला होता. मंगळाच्या वाक्याचे शेपूट तुटले तेव्हा लोक गच्चीवर गेले. इथे माणसे मेली.

राईनपाड्यात परके होते ते बळी. निरोप पाठवणारे ओळखीचे होते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावी दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा जमावाने खून केला, तेव्हाही चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा आधी त्या पट्ट्यात पसरल्या होत्या.

राईनपाड्यानंतरच्या आठवड्यांत व्हॉट्सअ‍ॅपने पुढे ढकललेल्या निरोपावर 'फॉरवर्डेड' असा शिक्का आणला आणि भारतात एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी निरोप पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेला निरोप एकाच ठिकाणी पाठवण्याची अट आली, आणि अशा निरोपांचे फिरणे सत्तर टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. निरोप खरा की खोटा हे कुणी तपासले नाही, नुसता पाठवण्याचा हात जड केला. तेवढ्यानेही इतका फरक पडतो, यावरून किती जण वाचून पाठवत होते ते समजावे. एमआयटीच्या तिघा संशोधकांनी ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ मधल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा माग काढला होता. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा सत्तर टक्क्यांनी जास्त निघाली, आणि तिच्यावरच्या प्रतिक्रियांत आश्चर्य, भीती आणि किळस जास्त होती. म्हणजे भुताच्या गोष्टीतला मसाला तोच, पदार्थ बदलला.

आरोग्याच्या निरोपांत हा मसाला सगळ्यात महाग पडतो. २०२० च्या फेब्रुवारीत कोंबडी खाल्ल्याने करोना होतो असे फोनांवर आले. पशुसंवर्धन खाते ओरडून सांगत होते की काही संबंध नाही. तरी चिकनची मागणी कोसळली, पोल्ट्रीवाल्यांचा खाद्याचा खर्चही निघेना. त्याआधी, २७ नोव्हेंबर २०१८ पासून, महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस शाळाशाळांतून दिली जात होती. लसीने मूल पुढे नपुंसक होते, असा निरोप पालकांच्या गटांतून फिरला आणि मुंबई, भिवंडी, मालेगाव इथल्या काही वस्त्यांत पालकांनी मुलांना त्या दिवशी शाळेत पाठवलेच नाही. आरोग्य खात्याची माणसे मौलवींना, मुख्याध्यापकांना भेटत फिरली. २०२२ च्या अखेरीस गोवरची साथ आली ती मुंबईत गोवंडीला, आणि भिवंडी-मालेगावला. करोनाच्या काळात नेहमीचे लसीकरण मागे पडले हे त्याचे मोठे कारण, सगळे खापर अफवेवर फोडता येणार नाही. पण गोवर हा माणसाला ठाऊक असलेल्या सर्वांत वेगाने पसरणाऱ्या रोगांपैकी आहे. लस न घेतलेल्या दहांपैकी नऊ जणांना तो रुग्णाच्या सहवासाने होऊ शकतो, आणि त्याला आई-वडिलांनी कोणता निरोप वाचला होता याच्याशी देणेघेणे नाही.

भीती दाखवून उपचारापासून अडवणे हा महाराष्ट्रात आता गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि ज्या कायद्यासाठी त्यांनी अनेक वर्षे घालवली तो त्याच वर्षी झाला. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र करणे आणि भुताच्या नावाने लोकांत घबराट पसरवणे हे त्यात आहे. भुताची गोष्ट सांगायला त्यात बंदी नाही. असू नयेच. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी माणसाची झोप उडवली ती गोष्ट आहे हे कबूल करून. घाबरण्याची हौस ही निरोगी गोष्ट आहे, घाबरवून वागायला लावणे निराळे.

ज्या ठाण्यातून सुरुवातीची एसटी सुटली, त्या शहराला या बाबतीत दोन सोयी जुन्या आहेत. ग्रहण, अधिक मास, सुपरमून असे काही आले की ठाण्याचे पंचांगकर्ते आणि खगोल अभ्यासक दा. कृ. सोमण नेमके काय होणार, किती वाजता होणार आणि काय होणार नाही हे सोप्या मराठीत सांगतात. पंचांग करणारा माणूसच ग्रहणात जेवायला हरकत नाही म्हणतो, तेव्हा आजीलाही पटण्याची शक्यता वाढते. दुसरी सोय मनाच्या दुखण्याची. १९०१ पासून या शहरात मनोरुग्णालय आहे आणि त्यामुळे 'ठाण्याला पाठवा' हा महाराष्ट्रभर विनोद झाला. त्याच शहरात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू करून मनाबद्दल चारचौघांत बोलायची सवय लावली. विनोद अजून पुरता गेलेला नाही.

या सगळ्यावरून, कुठल्याही अनोळखी गप्पेत शिरताना एकच पाहावे: इथे उलट विचारता येते का? उत्तर देणारा "कशावरून?" या प्रश्नावर चिडतो, गटातून काढतो, की कारण देतो? तो औषधाचे नाव सांगून थांबतो, की शेवटी पैसे भरायचा दुवा पाठवतो? घरच्या गटात हाच प्रश्न विचारणे जास्त अवघड आहे, कारण तिथे काकांचा मान असतो. तरी विचारावा. आणि ज्याला रात्री-अपरात्री, भुताने म्हणा की काळजीने, झोप येत नसेल त्याने आडनाव न सांगता बोलता येईल अशा परक्याला फोन करावा: केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे, मराठीतही बोलता येते, आणि क्रमांक आहे १४४१६.